ह्यांचा विसावा, माझा राग

ती बाई पहिल्यांदा आमच्या अंगणात आली तेव्हा मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. दिवाळी होऊन गेली होती, भाताची झोडणी चालू होती आणि मी नुकतीच खळ्यावरून आले होते. साठीच्या पुढची बाई, फिकट निळं पातळ, मोकळं कपाळ, हातात कापडी पिशवी. कामशेतवरून जीपनं आली असणार, केसांवर रस्त्याची धूळ होती. मी तिला बघताक्षणी ओळखलं. दीड वर्षापूर्वी ती पवना धरणाच्या काठावर तीन दिवस बसून होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्यानं तिचा मुलगा पाण्यातून काढून तिच्यापुढं ठेवला होता.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथंही मी 'हे' असंच म्हणणार आहे.

बुडालेल्यांची माणसं अशी अधूनमधून येत. त्यांना सगळं जाणून घ्यायचं असे. कुठं सापडला, कसा होता, डोळे मिटलेले होते का. ह्यांना खोटं जमत नसे, हे खरं ते सांगत. माणसं रडून मोकळी होत, आपल्या गाडीत बसून निघून जात आणि हे पुढचे चार दिवस भरल्या ताटावरून उठत. त्या सगळ्या माणसांचा मला राग होता. त्यांचं दुःख मोठं होतं हे मला कळत होतं, पण ते उतरवून ठेवायला त्यांना माझंच घर सापडावं, हे मला सोसत नव्हतं.

आमचं गाव पवनानगरच्या अलीकडं, पाण्याला लागून. सासऱ्यांची निम्मी शेती धरणाखाली गेली. ह्यांना पोहायला कुणी शिकवलं नाही, पाणी दाराशी होतं म्हणून आलं. खाली कुठं कुणाचा बांध होता, कुठं ओढा होता, कुठली विहीर बुजवायची राहिली, हे सासऱ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून ह्यांना पाठ झालं होतं. थोडं भात, थोडी मासेमारी, असं आमचं चाललं होतं. पुढं काठावर पाहुण्यांसाठी तंबू लागले, मोठे भावजीही त्या धंद्यात उतरले, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं येऊ लागली आणि त्यातली काही पाण्यात राहू लागली.

पहिल्यांदा पोलीस आले तेव्हा आमची मुलगी पाळण्यात होती. कॉलेजातला एक मुलगा बुडाला होता आणि खाली जाऊ शकेल असा माणूस त्यांना हवा होता. गावानं ह्यांच्याकडं बोट दाखवलं. हे गेले आणि तासाभरात घेऊन आले. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. मलाही बरं वाटलं होतं, हे कबूल करते. त्यानंतर कुणीही बुडालं की आमच्याच दाराशी माणूस यायचा. सोळा-सतरा वर्षं हे चाललं.

पाण्याखाली डोळ्यांचा काही उपयोग होत नाही, असं ह्यांनी मला एकदाच सांगितलं. गढूळ असतं, अंधार असतो. हातानंच चाचपत जायचं. दगड, शेवाळ, जुन्या झाडाचं खोड, आणि मग एकदम जे हाताला लागतं ते दगडही नसतं आणि खोडही नसतं. एवढं सांगून ह्यांनी विषय बंद केला. मीही परत विचारलं नाही.

पण हातांचं काय होत होतं ते मला दिसत होतं. आधी राखेनं धुवायचे, मग साबणानं, मग जंतुनाशक औषध पाण्यात घालून. कातडी फुटली, बोटांना चिरा पडल्या. भाकरी हातानं मोडेनात. चमच्यानं भात खायचा आणि उठायचं. मुलगी जवळ आली की हात मागं घ्यायचे. ती सातवी-आठवीत असेल, तिला वाटायचं आपलं काही चुकलं. मला तर ह्यांनी हात लावायचा कधी सोडला ते मी इथं लिहिणार नाही.

गावही तसंच. बुडालं की ह्यांना बोलवायचं आणि लग्नात पंगतीला वाढायला हे उभे राहिले की बायका एकमेकींकडं बघायच्या. मढ्याला लावलेले हात. तोंडावर कुणी बोलत नसे, पण ह्यांच्या हातची बुंदी पानात तशीच राहायची. मी ती पानं उचललेली आहेत.

मी काय केलं नाही? सोळा सोमवार केले. कुलदैवताला जाऊन आले. औंढ्याला माझ्या माहेरी एक भगत यायचा, त्यानं सांगितलं ते उतरवून टाकलं. तळेगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळीनं झोप लागायची, पण उठले की चेहरा तोच, उलट जास्त ओढलेला.

आणि मग त्या बाईचा मुलगा. दोन दिवस सापडला नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या विहिरीच्या तोंडाशी सापडला. काठावर आणल्यावर आया मुलाला कवटाळतात. ही बाई तशी नाही. तिनं ह्यांचे दोन्ही हात धरले आणि ह्यांच्या तोंडाकडं नुसतं बघत राहिली. त्या दिवशी हे घरी आले, होडी ओढून घरामागं पालथी घातली आणि ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले. पुन्हा पाण्याकडं गेले नाहीत. मासेमारी सुटली. बोलावणं आलं तर मी दारातूनच परत पाठवायची. दीड वर्ष असं गेलं.

आणि आता तीच बाई अंगणात उभी होती.

हे ओट्यावर होते. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिला बसा म्हणाले नाही. मग ती स्वतःच ओट्याच्या कडेला बसली. मी सूप घेतलं आणि तिथंच दाणे पाखडायला बसले, मुद्दाम, म्हणजे एक शब्द जरी मुलाबद्दल विचारला तर तिला उठवता यावं. तिनं विचारलं नाही. पिशवीतून मलमाची डबी काढली. लोणावळ्याला एका दवाखान्यात आया म्हणून तिनं जन्म काढला होता, हे मला नंतर कळलं. "हात दाखवा," एवढंच ती म्हणाली.

आणि ह्यांनी हात पुढं केले.

माझं सूप थांबलं. ज्या माणसानं माझ्यापासून, पोटच्या पोरीपासून हात लपवले होते, तो एका परक्या बाईच्या मांडीवर हात ठेवून बसला होता आणि ती एकेका चिरेत मलम भरत होती, घाई न करता, दवाखान्यात करतात तसं. मग तिनं ते हात तसेच धरून डोळे मिटले आणि बोलू लागली. मंत्र नाही, श्लोक नाही. शेजारच्या खोलीत कुणी बसलंय आणि त्याला सांगावं, तसं.

"प्रभू, ह्या हातांनी माझा मुलगा मला आणून दिला. ह्या हातांना आता विसावा दे."

हे रडले. लग्नाला वीस वर्षं झाली होती, मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. खांदे हलत होते आणि आवाज नव्हता.

चांगल्या बायकोला त्या वेळी बरं वाटलं असतं. मी उठले आणि तिला म्हणाले, "आमच्या घरात आमचे देव हायेत. हितं ह्ये चालायचं न्हाई." ती "बरं" म्हणाली, डबी ओट्यावर ठेवली आणि निघाली. ऊन चढलं होतं. जीप मिळायची जागा आमच्यापासून लांब आहे. मी तिला जाऊ दिलं.

पुढच्या रविवारी हे मोटारसायकल काढून निघून गेले. दुपारी आले तेव्हा मी विचारलं, कुठं गेलता. "कुसगावला, त्यांच्या प्रार्थनेला," ह्यांनी सरळ सांगितलं. लपवलं असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या रविवारी जेवताना ह्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि भाकरी हातानं मोडली. कालवणात बुडवली, खाल्ली. मुलगी माझ्याकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ताट आपटून चुलीकडं गेले. माझे सोळा सोमवार, माझे नवस, माझी पायपीट, सगळं ज्याच्यापुढं वाया गेलं ते एका बाईच्या मलमानं आणि दोन वाक्यांनी व्हावं? बरं, व्हायचंच होतं तर आमच्या देवानं का केलं नाही? हा राग मी कुणाला सांगणार होते? देवाला सांगायचा तर कुठल्या?

मी मोटारसायकलची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. हे चालत दुधिवरे खिंडीपर्यंत गेले आणि तिथून कुणाच्या तरी टेम्पोत बसले. रविवारची पँट मी शनिवारी भिजत घालायची. हे लेंगा घालून जायचे. माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. तेच मला सर्वांत जास्त लागायचं. पूर्वी हे गप्प असायचे तेव्हा आत काहीतरी खदखदत असल्याचं मला ऐकू यायचं. आताच्या गप्प बसण्यात काहीच खदखदत नव्हतं, आणि मी एकटीच उकळत होते.

शेवटी मी मोठ्या भावजींना सांगितलं. ते माझं पाप. भावजींना निमित्तच हवं होतं. काठावरची ह्यांच्या वाट्याची जागा त्यांच्या तंबूंच्या मधोमध येत होती. त्यांनी देवळात माणसं बसवली. हे जाऊन पायरीखाली उभे राहिले. किती मिळालं, कोण देतं, आणखी कुणाकुणाला नेणार, असं विचारणं झालं. हे म्हणाले, पैसं काय मिळालं न्हाई, विसावा मिळाला. कुणीतरी हसलं. भावजी म्हणाले, "विसावा घ्यायला आपली देवळं कमी पडली व्हय रं तुला?"

ह्यावर हे जे बोलले ते मी बायकांत उभी राहून ऐकलं. "दादा, देवळाला मी काय म्हणत न्हाई. पर ह्या गावानं माझ्या हातचं खाल्लं न्हाई. तितं खात्यात."

त्या वेळी मी पुढं होऊन सांगायला हवं होतं की हे खरं आहे, पानं मी उचलली आहेत. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "मला इचारून गेलं न्हाईत." एवढं वाक्य पुरलं. बायकोसुद्धा विरोधात आहे म्हटल्यावर गावाला आणखी काय हवं?

वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही. तसं म्हटलं तर कायदा लागतो. पण राहिलेल्या झोडणीला आमच्या खळ्यावर कुणी आलं नाही. जत्रेत पालखीला खांदा द्यायला हे गेले तर जागाच नव्हती, सगळे खांदे अचानक भरलेले. भावजींनी आपल्या तंबूंचं कुंपण आमच्या जागेतून नेलं. मुलगी तळेगावला नर्सिंगला होती, तिच्यासाठी बघितलेलं स्थळ आलंच नाही. मी दर वेळी घरी येऊन ह्यांच्यावर आग पाखडायची. हे म्हणायचे, "तुझं बरोबर हाये, तुला लय सोसावं लागतंय." माणसानं उलट बोलावं, भांडावं, म्हणजे भांडण संपतं तरी. हे काहीच करत नव्हते.

मग एका रविवारी मी स्वतःच कुसगावला गेले. मोडून टाकायलाच गेले होते. वाण्याच्या दुकानावर एक लांबट खोली, भिंतीवर लाकडाचा साधा क्रूस, खाली चटया. प्रार्थना संपली होती. पंधरा-वीस माणसं असतील. कुणी रंगकाम करणारा, कुणी हॉटेलात भांडी घासणारी. मला वाटलं होतं मोठं काहीतरी असेल, ज्याच्याशी भांडायला मजा येईल. मागच्या जागेत ती बाई स्टोव्हवर सगळ्यांसाठी भात टाकत होती.

मी दारातच तिला म्हणाले, "तुमचा मुलगा गेला म्हणून आता माझा नवरा घ्यायचाय का तुम्हाला?"

आतली माणसं थबकली. एक म्हातारा पुढं होऊ लागला तर तिनं त्याला हातानं थांबवलं, स्टोव्ह बारीक केला आणि मला खाली बसायला सांगितलं. मी बसले नाही. मग तीही उभी राहिली.

ती म्हणाली, "मी तुमच्या नवऱ्याला शाप दिला होता."

मला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हळू, शहरी मराठीत. त्या तीन दिवसांत तिनं मनाशी धरलं होतं की मुलगा पलीकडच्या काठाला लागला असेल, कुणाच्या तरी घरात असेल, भान हरपून कुठंतरी फिरत असेल. सापडत नव्हता तोपर्यंत तो तिच्यासाठी जिवंत होता. मग तिसऱ्या दिवशी ह्यांनी आणून ठेवला. लोकांना वाटलं तिनं आभार मानायला हात धरले. ते हात जळून जावेत, असं ती मनात म्हणत होती.

"वर्षभर रोज म्हणत होते," ती म्हणाली. "प्रार्थनेला बसायची आणि तेच म्हणायची. ज्याच्यासमोर बसायची त्यानं स्वतःला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली होती, आणि मी त्याच्याकडेच एका गरीब माणसाचे हात जळू देत म्हणून मागत होते. एक दिवस मला पुढं बोलता येईना. तेव्हा कळलं, ज्यानं मला माझं मूल पुरायला दिलं त्याच्यावर मी डूख धरलाय. म्हणून आले होते तुमच्याकडे. आभार मानायला नव्हते आले."

"त्येंना सांगितलं ह्ये?" मी विचारलं.

"पहिल्याच रविवारी. ते म्हणाले, मला वाटतच होतं. म्हणाले, बरं झालं सांगितलंत."

तिनं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. मला तिची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, म्हणजे हिच्यामुळेच झालं तर सगळं, आणि आता हीच मलम घेऊन येते. तसं मी बोललेही. "शाप तुमचा आणि उताराही तुमचाच," असं म्हणाले. तिनं मान हलवली. "उतारा माझा नाही. माझ्याकडे असता तर मी वर्षभर घेतला नसता का?"

मी वळले तेव्हा आतल्या खोलीत मला हे दिसले. आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं नव्हतं, कारण हे भिंतीला पाठ लावून, पाय पसरून झोपले होते. डोकं एका बाजूला कललेलं, तोंड थोडं उघडं. माणसं चटया गुंडाळत ह्यांच्या पायांना वळसा घालून जात होती, कुणी उठवत नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दुपारी भाताच्या खाचराच्या बांधावर हे असे झोपायचे. त्यानंतर हा चेहरा मी बघितला नव्हता. आणि मी ह्यांना न उठवता, रागानं पाय आपटत जिना उतरले. तो चेहरा माझ्या घरात परत यायला हवा होता.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांनी बाप्तिस्मा घेतला, नदीच्या एका डोहात, बुडी देऊन वर काढतात तसा. आदल्या दिवशी मला सांगितलं. मी म्हणाले, दोन वर्षं धरणाच्या काठाला पाय लावला न्हाई, आता त्या लोकांसाठी पाण्यात जाणार? हे म्हणाले, भीती तर वाटतीयच. मी गेले नाही. मुलगी गेली. संध्याकाळी हे आले, केस अजून ओलसर होते. मी विचारलं नव्हतं, तरी ओट्यावर बसता बसता म्हणाले, "आजवर मीच लोकांना वर काढत आलतो. आज मला कुणीतरी काढलं."

मला भांडण सुचलं नाही एवढंच.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. सुट्टीचे दिवस, काठ तंबूंनी भरलेला. सकाळी दहाच्या सुमाराला भावजी आमच्या अंगणात आले. देवळातल्या त्या बैठकीपासून त्या माणसानं आमच्या दाराकडं बघितलं नव्हतं. त्यांच्याच तंबूत उतरलेली एक मुलगी, विशीतली, पाय घसरून गेली होती. पोलीस आले होते, शोधणारं पथक यायला वेळ होता, मुलीचा बाप काठावर होता. भावजी हे सगळं अंगणाकडं बघत बोलले. 'ये' म्हणून म्हणाले नाहीत.

हे उठले आणि घरामागं गेले. होडी सरळ करताना आवाज झाला तसं माझं डोकं फिरलं. मी वाटेत उभी राहिले. ज्यांनी पालखीचा खांदा दिला नाही, ज्यांनी पोरीचं लग्न मोडलं, कुंपण घातलं, त्यांच्यासाठी? एवढ्या मुश्किलीनं जे मिळालं ते परत घालवायला? मी भावजींसमोर ह्यांना म्हणाले, "तुमच्या देवानं विसावा दिलाय न्हवं? मग बसा की घरात."

"बसायला न्हाई दिलेला," हे म्हणाले आणि माझ्या बाजूनं निघून गेले.

मी मागोमाग गेले. काठावर जाऊन उभी राहिले; हे पाण्याखाली असताना मी तिथं कधी थांबले नव्हते. हे किती वेळा खाली गेले ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी डोकं वर येईपर्यंत मी शिव्या देत होते. भावजींना, धरणाला, तंबूंना, आमच्या देवाला, त्यांच्या देवाला, कुणालाही सोडलं नाही. दुपारी ती मुलगी सापडली. ह्यांनी तिला काठावर ठेवलं, टॉवेलनं तिचं तोंड पुसलं आणि मग तिच्या बापाशेजारी जमिनीवर बसले. बाप ह्यांच्या गळ्यात पडला. पूर्वी हे लगेच उठून हात धुवायला पळायचे. त्या दिवशी गाडी येईपर्यंत तासभर हे तिथंच बसून होते, एका हातानं त्या माणसाची पाठ धरून. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही.

घरी येऊन आंघोळ केली, दोन भाकरी खाल्ल्या आणि आडवे झाले. मी उंबऱ्यात बसून वाट बघत होते, आता सुरू होईल, आता उठतील, आता साबण मागतील. काही झालं नाही. घोरू लागले.

ह्यानंतर गाव सुधारलं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. भावजींनी निरोपानंसुद्धा आभार मानले नाहीत. कुंपण आहे तिथंच आहे. पुढच्या जत्रेलाही पालखीचे खांदे भरलेलेच होते. पण त्या जत्रेच्या बैठकीत कुणीतरी पुन्हा ह्यांचा विषय काढला, तेव्हा मी बायकांतून उठले आणि पंगतीतल्या पानांचं सांगितलं. कुणाच्या लग्नातली, कुणाची पानं, सगळं घरांसकट सांगितलं. मागच्या खेपेला मी ते दाबून ठेवलं होतं, हेही सांगितलं. भावजी म्हणाले, बाईमाणसानं मध्ये बोलू नये. मी म्हणाले, गेल्या खेपेला मला बोलवून बोलायला लावलं तवा मी कोण हुते? त्या दिवसापासून माझ्याशीही गाव कमी बोलतं. मला त्याचं काही वाटत नाही. मीही कमीच बोलते.

मुलीनं तिचं लग्न स्वतः जमवलं, तिच्याबरोबर शिकलेल्या मुलाशी. त्या घरानं ह्यांच्याबद्दल एकच विचारलं, हे अजून पाण्यात उतरतात का, आणि हो म्हटल्यावर मुलाच्या आईनं ह्यांना नमस्कार केला.

मी ख्रिस्ती झालेली नाही. माझा देव्हारा आहे तिथं आहे, सकाळी दिवा लागतो. ह्यांनी कधी त्यावर शब्द काढला नाही आणि मीही आता रविवारी पँट भिजवत नाही. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा खांदा निखळला, तेव्हापासून मोटारसायकल चालवता येत नाही. म्हणून मुलीची जुनी स्कूटर मी शिकले आणि दर रविवारी मीच ह्यांना मागं बसवून खिंडीतून, औंढ्यावरून कुसगावला नेते. वाटेत माझं बोलणं चालू असतं, रस्त्याबद्दल, गाड्यांबद्दल, सगळ्यांबद्दल. हे ऐकतात.

हे वर जातात, मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसते, चपलांजवळ. सुरुवातीला ती बाई मला वर बोलवायला यायची. मी तिला सांगितलं, माझा राग अजून संपलेला नाही. ती म्हणाली, रागासकट या. मी म्हणाले, नको. मग तिनं बोलावणं सोडलं आणि जेवणासाठीची भाजी माझ्याकडं निवडायला पाठवू लागली. वर गाणी चालतात, मग त्यांच्या शास्त्रातलं काही वाचतात, मग बराच वेळ नुसती शांतता असते. मी मेथी निवडत असते. त्या वेळात मी कुणाशी भांडत नाही, मनातसुद्धा नाही, हे मागच्या महिन्यात माझ्या लक्षात आलं. मी ते ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर हे काही बोलणार नाहीत, नुसते बघतील, आणि तसं बघितलेलं मला चालत नाही.